बाभळीच्या ओंडक्याला स्क्रू नको

लाकूड फोडायच्या यंत्राला ट्रॅक्टर किती एचपीचा लागेल, असं बरेच जण विचारतात. एचपीचं नंतर बघू, आधी प्रकार ठरवा. पीटीओवर फिरणारा शंकूसारखा स्क्रू स्वस्त पडतो खरा, पण गाठाळ बाभळीत अडकला की अख्खा ओंडकाच गरागरा फिरतो. माझी बाही त्यात गेली, हात थोडक्यात वाचला. यंत्र गोठ्यामागं पडून आहे. दुसऱ्याला विकायला मन होत नाही.

हायड्रॉलिक पाचरच घ्या. दुकानदार नुसते 'टन' सांगेल, तुम्ही सिलिंडरचा आतला व्यास आणि दाब विचारा. १५० बारला चार इंची सिलिंडर साधारण १२ टन जोर देतो, पाच इंची १९. बाभळीला पाच इंचीच बघा. दट्ट्या जरा हळू सरकतो, सरकू द्या. आणि ओंडका लावणारा नि लिव्हर ओढणारा माणूस एकच ठेवा.