एक तलवार, दोन म्यानं

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे आपण शाळेतच घोकलंय. पण एकच तलवार दोन म्यानांत घालायचा हट्ट धरणारी माणसंही असतात. आमच्या तुळिंजमधला माझा मित्र त्यातलाच.

झालं असं, की संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना वहिनींचं मंगळसूत्र बाइकवरच्या दोघांनी खेचलं. मानेवर वळ उठला. त्या रात्रीपासून आमच्या साहेबांच्या डोक्यात पिस्तूल बसलंय. मी वीकेंडला रेंजवर एअर पिस्तूल चालवतो, त्यामुळे सल्लागार मीच! "हातात नीट बसेल, नेम अचूक लागेल, स्पर्धेतही चालेल आणि कमरेलाही लावता येईल असं एकच सांग. दोन-दोन कुठे घेत बसू?"

फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. बाबा रे, असं पिस्तूल नसतं. आणि असतं तरी तू घेऊ नयेस.

आपल्या भाषेत सांगायचं तर दोन क्लायंट आहेत आणि दोघांच्या रिक्वायरमेंट एकमेकांच्या उलट. स्पर्धेचा क्लायंट आधी बघू. १० मीटर एअर पिस्तुलात ७५ मिनिटांत ६० शॉट्स, तेही एका हाताने. पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं. ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा, म्हणजे बोट टेकवलं की सुटलाच. लाकडी ग्रिप तळव्याच्या मापाने तासलेली, खाली हात टेकायला सरकती पट्टी. हे आरामशीर असतं ते त्या एका पोझमध्ये. ४२ सेंटीमीटर लांबीपर्यंतचं हे धूड कमरेला लावून नालासोपाऱ्याहून चर्चगेट फास्ट पकडून दाखव! २५ मीटरचं .२२ पिस्तूल थोडं आटोपशीर, पण स्वभाव तोच.

कमरेच्या क्लायंटला हवं छोटं, हलकं आणि जड ट्रिगरचं, चुकून सुटू नये म्हणून. कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' हे .३२ रिव्हॉल्व्हर आणलं, ते जेमतेम अर्ध्या किलोचं. हलक्या हत्याराचा झटका हाताला जास्त बसतो आणि आखूड नळीवर नेम धरणं कठीण.

किती कठीण? साधं त्रैराशिक आहे. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये ३५ सेंटीमीटर अंतर असेल आणि पुढची साइट १ मिलिमीटर हलली, तर १० मीटरवर शॉट सुमारे २९ मिलिमीटर चुकतो. दहाचा सात होतो. तेच अंतर १५ सेंटीमीटर केलं की चूक ६७ मिलिमीटर. दहाचा थेट दोन! आणि हे शांत रेंजवर, श्वास रोखून. समोर पळता चोर आणि हात थरथरत असताना काय होईल, त्याचं गणित तूच कर.

बरं, कायदा. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार लायसन्स लागत नाही. बाकी सगळ्याला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली लागतं. सिनेमातलं ९ एमएम तर तुला-मला लायसन्स घेऊनही मिळत नाही. साध्या नागरिकाच्या वाट्याला बहुतेक वेळा .३२.

समज, मिळालं लायसन्स. बाइक आली, हिसका दिला, गेली. दोन सेकंदांचा मामला. तोवर तुझा हात शर्टाखालीच अडकलेला. गोळी सुटलीच, तर समोर कोण असणार? वडापावची गाडी, क्लासहून येणारी पोरं, रिक्षाची लाइन. आणि घरी आल्यावर हे ठेवणार कुठे? वन रूम किचनमध्ये, जिथे तुझ्या सात वर्षांच्या पोराला बिस्किटांचे लपवलेले डबेसुद्धा सापडतात?

"मग काय गप्प बसायचं?" हा तुझा प्रश्न. नाही, गप्प तर तू आत्ता बसलायस. पंधरा दिवस नेटवर पिस्तुलं बघतोयस, पण एफआयआर अजून केला नाहीस. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'हिसकावणे' हा स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत कैद. पण तक्रारच नसेल तर कलम काय करणार? तुझा राग खराच आहे रे, फक्त तो लाखभर रुपयांच्या लोखंडात गुंतवू नकोस.

परवा मी वहिनींना विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्या म्हणाल्या, "गल्लीतला दिवा लागला तरी पुष्कळ."

घरात कोणी त्यांना हे विचारलंच नव्हतं.

नेमबाजीचं खरंच मनात असेल तर रविवारी रेंजवर ये. पहिले काही महिने रेंजचंच पिस्तूल वापर, आपल्या हाताचं माप कळू दे, मग विकत घे. आणि वहिनींनाही आण. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

पण त्याआधी, उद्या ऑफिसला हाफ डे टाक आणि पोलीस स्टेशनला चल. मी येतो सोबत.