चुकण्याची मुभा

काम करण्याआधी काम मागावं लागतं. समोर तीन अनोळखी माणसं, टेबलावर आपला अर्ज आणि पहिलाच प्रश्न, 'स्वतःबद्दल सांगा.' भल्याभल्यांची जीभ इथे अडखळते. मग ज्याला नजरेला नजर देणं जड जातं, प्रश्नामागचा रोख चटकन उमगत नाही, अशा स्वमग्न तरुणाचं काय होत असेल? काम त्याला येत असतं. गाडी अडते ती मुलाखतीत.

यंदाच्या अंकाचा विषय 'काम' असल्यानं या उंबरठ्याचा विचार करणं भाग होतं. अमेरिकेत त्यावर एक उपाय शोधला गेला आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्किप रिझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडातल्या डॅन मरिनो फाउंडेशनबरोबर आभासी मुलाखतकार घडवले. त्यांचा स्वभाव मवाळ, तटस्थ किंवा खडूस, हवा तसा ठरवता येतो. संशोधक मॅथ्यू स्मिथ यांनी अभ्यासलेल्या अशाच दुसऱ्या प्रणालीत 'मॉली पोर्टर' ही पडद्यावरची अधिकारी प्रश्न विचारते, उत्तर कुठे घसरलं ते लगेच कळतं आणि मुलाखत पुन्हा देता येते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या स्मिथ यांच्या अभ्यासात २६ स्वमग्न प्रौढ होते. सराव केलेल्यांच्या मुलाखती सुधारल्या. पुढच्या सहा महिन्यांत काम मिळवण्यातही ते सरस ठरले. संख्या लहान आहे, हे खरं. पण अशा सरावाला आभासी वास्तवाचा महागडा हेडसेटच लागतो असं नाही, साधा संगणकही पुरतो, हे आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं.

या तंत्राचं खरं मोल चुकण्याची मुभा देण्यात आहे. इतर मुलं काकाच्या दुकानात, ओळखीच्या ऑफिसात चुकतमाकत शिकतात. दिव्यांग मुलाला मात्र 'राहू दे, तुला नाही जमायचं' म्हणत मायेनंच बाजूला बसवलं जातं. नाटकाची तालीम न करता त्याला थेट पहिल्या प्रयोगाला उभं केलं जातं आणि तो पडला की दोष त्याच्याच माथी.

पण तालीम नटाची झाली तरी रंगमंचाला पायऱ्याच असतील तर चाकाची खुर्ची वर जाणार कशी? २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग होते. त्यांतले काम करणारे सुमारे ३६ टक्के. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण दिलं, खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगितलं. धोरणाचा कागद फाइलला लागतो. मुलाखतीची पद्धत तीच राहते.

विशेष मुलांच्या कार्यशाळेतल्या पणत्या आपण दिवाळीत कौतुकानं घेतो. जरूर घ्याव्यात. पण वाचकांपैकी जे मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसतात, त्यांना एक विनंती आहे. प्रश्न आधी लेखी कळवा, उत्तराला वेळ द्या, आणि शक्य असेल तिथे मुलाखतीऐवजी एक दिवस प्रत्यक्ष काम करून दाखवायला सांगा. याला कोणतंही यंत्र लागत नाही.