कुलूप-किल्लीने भागत नाही

पेशीवरील ग्राही, म्हणजे रिसेप्टर, शिकवताना आपल्याकडे एकच दाखला ठरलेला आहे : कुलूप आणि किल्ली. संदेशवाहक रेणू ही किल्ली, ग्राही हे कुलूप. किल्ली बसली की काम सुरू. परीक्षेपुरता तो सोयीचा खरा. पण नव्या रक्तवाहिन्या कशा फुटतात हे समजून घेताना तो चक्क दिशाभूल करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्राणवायू कमी पडू लागला की पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात. जवळच्या केशवाहिनीच्या अस्तरपेशींवर त्याचे दोन मुख्य ग्राही असतात. ग्राही-२ संदेश आत पोचवतो. अस्तरपेशी विभागतात, पुढे सरकतात आणि वाहिनीला फाटा फुटतो. ग्राही-१ तेच प्रथिन अधिक घट्ट धरतो, पण आत पोचवतो ते अगदी क्षीण. आपल्या दाखल्याप्रमाणे हे कुलूप बिघडलेलेच म्हणायचे!

१९९५ साली उंदरांवरील दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. ग्राही-२ नसलेल्या गर्भांत रक्तवाहिन्या घडल्याच नाहीत व ते दगावले. यात नवल नाही. पण ग्राही-१ नसलेले गर्भही दगावले, आणि तेही उलट कारणाने : अस्तरपेशी भरमसाट वाढून वाहिन्यांची घडीच विस्कटली. पुढे १९९८ साली ग्राही-१ चा फक्त आत संदेश देणारा भाग काढून पाहिला, तर उंदीर जगले, वाहिन्याही नीट घडल्या. गर्भातील त्याचे मुख्य काम प्रथिन अडवून धरण्याचे आहे, हे त्यावरून दिसते.

याच ग्राहीचा एक सुटा प्रकार कॉर्नियात असतो. तो व्हीईजीएफ टिपून घेतो, म्हणून तेथे रक्तवाहिन्या शिरत नाहीत व डोळ्याची ही काच नितळ राहते. प्री-एक्लाम्प्सियात मात्र तोच वारेतून बेसुमार सुटतो आणि मातेच्या रक्तवाहिन्यांना हवे तेवढे व्हीईजीएफ मिळत नाही. रक्तदाब चढतो, मूत्रपिंडांना इजा होते.

पहिल्या वर्षाला एवढे कशाला, असे काही प्राध्यापक म्हणतील. दोन वाक्ये पुरेत : काही ग्राही कळवतात, काही अडवतात. २०११ पासून डोळ्यांच्या विकारांत वापरले जाणारे अफ्लिबरसेप्ट हे औषध दोन्ही ग्राहींचे बाहेरचे तुकडे जोडूनच बनवले आहे. ते व्हीईजीएफ पकडून ठेवते, आत काहीही कळवत नाही, आणि डोळ्यातील नको असलेल्या वाहिन्यांची वाढ त्यानेच आवरते.