बिनतारी इंटरनेट घ्यावे का? आधी दोन ओळी पेरून पाहा



दारावर येणाऱ्या विक्रेत्याची भाषा ठरलेली असते. जुने सोडा, नवे घ्या, आजच नाव नोंदवा, सवलत चारच दिवस. बियाणेवाला असे बोलला तर त्याला काय विचारायचे हे कोरडवाहू शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. तोच शेतकरी घराच्या छतावर बिनतारी इंटरनेटचा डबा बसवायला आलेल्या माणसापुढे मात्र गप्प बसतो. पोरगा म्हणतो म्हणून सही करतो आणि वर्षाचे पैसे मोजून देतो. असे होऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

आमचे मत आधीच सांगतो. नव्या सेवेला आमचा विरोध नाही. नवे तंत्र शेतकऱ्यापासून दूर ठेवणारे आमचे हितचिंतक कधीच नव्हते. पण नवे वाण जसे आपण सगळ्या रानात एकदम लावत नाही, शेजारी जुने वाण ठेवून दोन ओळी पेरून पाहतो, तसेच या कनेक्शनचे करावे. महिन्याच्या करारावर घ्यावे, जुने लगेच तोडू नये आणि वर्षाचे पैसे आगाऊ देऊ नयेत.

आता ही वस्तू काय आहे ते पाहू. देशात फाइव्ह-जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिच्याच टॉवरवरून घरासाठी इंटरनेट देण्याचे काम एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली-मुंबईत सुरू केले. जिओने १९ सप्टेंबर २०२३ ला मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू केले. छतावर एक डबा बसतो, तो टॉवरच्या लहरी पकडतो. तिथून एक वायर घरात उतरते, खाली दुसरा डबा वाय-फाय पसरवतो. म्हणजे टॉवरपासून तुमच्या छतापर्यंत तार नाही, इतकेच. टॉवर तिथे नसेल तर डबा शोभेचा आहे.

लहरींचाही एक नियम आहे. ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी भरपूर माहिती वाहून नेतात, पण लांब जात नाहीत. भिंत, टेकाड, दाट झाड आडवे आले की अडखळतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, पण त्यांची गाडी लहान. त्यामुळे तालुक्याच्या गावी चौथ्या मजल्यावर जो वेग दिसला तो तुमच्या वाडीत दिसेलच असे नाही. कंपनीचा डेमो प्लॉट नेहमी डांबरी रस्त्याला लागून, काळ्या जमिनीत आणि ठिबकवर असतो. तुमचे रान मुरमाड आहे आणि पाऊस वरच्याच्या हातात आहे. चाचणी आपल्या रानात व्हायला पाहिजे.

टॉवरची ताकदही सगळ्यांत वाटली जाते. एकाच विहिरीवर चार मोटारी बसल्या की काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या महिन्यात गावात तीन डबे असतात तेव्हा इंटरनेट धो धो येते. सहा महिन्यांनी चाळीस डबे झाले की रात्री आठ ते दहा या वेळेत धार बारीक होते. म्हणून शेजाऱ्याचा अनुभव विचारताना तो दुपारचा सांगतो की रात्रीचा, हे आधी विचारा.

आता हिशेब. सुरुवातीला जिओचा सर्वांत स्वस्त दर महिना ५९९ रुपये होता, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ७०७ रुपये महिना, वर्षाला सुमारे ८,४८० रुपये. दर बदलत असतात, तुमच्या गावचा आजचा दर घालून हाच हिशेब मांडा. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये ठरला. त्या भावाने हे कनेक्शन म्हणजे एक क्विंटल दहा किलो कापूस, किंवा सव्वादोन क्विंटलहून जास्त ज्वारी. एकरी चार क्विंटल कापूस उतरत असेल तर पाव एकराहून अधिक रान दरसाल या डब्यासाठी पिकवायचे. तेही हमीभाव पदरात पडला तर. बाजारात भाव त्याच्या खाली गेला की रान आणखी वाढते.

यात एक गोम आहे. विक्रेता म्हणतो, मोबाइलचे रिचार्ज वाचेल. ते वाचत नाही. घरचे वाय-फाय अंगणापर्यंत जाते, शेतात जात नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. तिचा फोटो आपल्या गटात उभे राहूनच काढावा लागतो. कापूस महामंडळाने २०२५ मध्ये हमीभावाच्या खरेदीसाठी कपास किसान ॲपवर नोंदणी आणली. त्या ॲपलाही मोबाइल नंबर लागतोच. म्हणजे रिचार्ज चालूच राहणार, डब्याचा खर्च त्याच्यावर चढणार. रिचार्ज थोडे लहान करता येईल, बंद करता येणार नाही. हिशेबात ही रक्कम वजा करू नका.

मग घ्यावे कोणी? ज्या घरात शिकणारी दोन-तीन मुले आहेत, चार मोबाइल आहेत, कोणी घरून शिलाईचे, हिशेबाचे किंवा अर्ज भरण्याचे काम करते, त्या घराला परवडेल. आणखी एक गोष्ट पुरुषांच्या लक्षात येत नाही. मोबाइल घरधन्याच्या खिशात बसून शेतात, बाजारात, तालुक्याला जातो. त्याच्याबरोबर घरातले इंटरनेटही जाते. घरात राहणारे कनेक्शन घरच्या लक्ष्मीचे आणि पोरीचे असते. हिशेब मांडताना त्यांना विचारा. घरात दोनच म्हातारी माणसे असतील आणि फोनवर नातवाचे तोंड पाहण्यापुरते काम असेल, तर पाव एकर त्यात घालू नये.

घ्यायचेच ठरले तर पैसे देण्याआधी पाच गोष्टी करा.

एक. ट्रायच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपन्यांना आपली सेवा कुठे पोहोचते याचे नकाशे संकेतस्थळावर टाकावे लागतात. ते पोराकडून पाहून घ्या. पण नकाशा गावाचा असतो, तुमच्या घराचा नसतो. म्हणून त्याच कंपनीचे कार्ड असलेला फाइव्ह-जी फोन घेऊन आठवडाभर छतावर सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला वेग मोजा. आकडे कागदावर लिहा.

दोन. येणारा वेग आणि जाणारा वेग वेगळा मोजा. सिनेमा पाहायला येणारा वेग लागतो. कागदपत्रे चढवायला आणि पोरांच्या वर्गाला जाणाराही लागतो. जाहिरातीतला ३० हा आकडा मेगाबिटचा आहे. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून सेकंदाला चार मेगाबाइटसुद्धा उतरत नाहीत. तेवढ्यावर घरचे काम नीट होते, फसवणूक तेवढी होऊ देऊ नका.

तीन. वीज. लाइट गेली की डबा बंद. इन्व्हर्टर नसेल तर डब्यासाठी लहान बॅटरीचा खर्च हिशेबात धरा. टॉवरची बॅटरी किती तास टिकते ते गेल्या पावसाळ्यातले आठवून पाहा. छतावरच्या खांबाला अर्थिंग करून घ्या, आपल्याकडे वळवाच्या विजा कशा पडतात ते सांगायला नको.

चार. डबा कोणाचा, अनामत किती, परत केल्यावर किती मिळणार, महिन्याला किती जीबीनंतर वेग पडतो, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी सवलत म्हणजे वजनकाट्याशिवायचे माप.

पाच. आजची फायबरची तार असेल तर दोन महिने ती राहू द्या. जेसीबीने रस्ता खोदला की तार तुटते, तुमचा राग खरा आहे. पण चांगल्या अवस्थेतली तार टॉवरपेक्षा भरवशाची असते, तिच्यावर रात्रीच्या गर्दीचा भार कमी पडतो. दोन्हींची तुलना करून मगच एक तोडा.

जुने लगेच तोडू नका म्हणतो त्याला दुसरेही कारण आहे. एकच खरेदीदार असला की काय होते, ते कापूसवाल्याने १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीत भोगले आहे. विकणारे मोजकेच उरले की तेच उलट बाजूने होते. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी मोबाइल कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. गावातली तार मेली, केबलवाला निघून गेला, की डब्याचा दर डबेवालाच ठरवणार. शेतकऱ्याची ताकद दुसऱ्या दारात जाता येण्यात आहे, मग तो कापूस विकत असो की इंटरनेट विकत घेत असो.

आणि सरकारला यातून सुटका नाही. ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजनेला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर झाले. नोंदणी ॲपवर, पाहणी ॲपवर, पैसा खात्यावर असे सरकारनेच ठरवले आहे. मग ॲपपर्यंत जायचा रस्ता शेतकऱ्याने पाव एकर विकत घेऊन का बांधायचा? आपल्या ग्रामपंचायतीची तार चालू आहे की कपाटात कुलूपबंद आहे, हे ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकान किंवा चहाची टपरीसुद्धा परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय देऊ शकते. ज्याला घरी डबा परवडत नाही त्याच्यासाठी चौकात एक कनेक्शन ही मागणी रास्त आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावात टॉवर कोणाचे, छतावर तीन वेळचा वेग किती, दर किती, ग्रामपंचायतीची तार चालू की बंद. चाळीस गावांचे कागद एकत्र आले की पुढच्या विक्रेत्याशी आपण आकड्यांत बोलू, आणि जिल्हाधिकाऱ्यांशीही.