पिल्लू रात्री का रडतं?

मागच्या महिन्यात लेकाने हट्टाने कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं. पहिल्या रात्री त्याचा पिंजरा मागच्या पडवीत ठेवला. अकराला जे केकाटणं सुरू झालं ते पहाटेपर्यंत! सकाळी शेजारच्या काकू दारात हजर. हे म्हणाले, "आजच देऊन टाका."

मला मात्र राहवेना. आई-भावंडांच्या उबेतून उचललेला जीव अंधारात एकटा कोंडल्यावर गप्प कसा बसेल? सासरची पहिली रात्र आठवा, मैत्रिणींनो!

दुसऱ्या रात्री पिंजरा माझ्या पलंगाशेजारी आणला. आत जुनी सुती साडी अंथरली. जेवण झोपायच्या तीन तास आधी, निजण्यापूर्वी अंगणात शी-शू. पिंजरा शिक्षेचा वाटू नये म्हणून दिवसा दार उघडं ठेवून खाऊ त्यातच दिला. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला रात्रभर लघवी धरवत नाही; म्हणून गजर लावून मध्यरात्री एकदा बाहेर न्यायचं. खेळ नाही, गप्पा नाहीत, लगेच परत आत. कुंई-कुंई केलंच तर जाळीला नुसता हात लावायचा. आठवडाभरात घर शांत झोपू लागलं. मग पिंजरा रोज थोडा दाराकडे सरकवला.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. घेताना वय जरूर विचारा. आणि रडणाऱ्या जिवावर काठी उगारू नका. भीतीने गप्प होणं म्हणजे शांत होणं नव्हे, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक?