डॅशबोर्ड उघडलात, तो नीट मिटवा

पुण्यातल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या वर्क्स मॅनेजरना, आणि तसंच काम करणाऱ्या त्यांच्या सगळ्या भाऊबंदांना हा जाहीर इशारा आहे. सेंटरचं नाव मुद्दाम छापलेलं नाही. ज्यांना हे आपल्याबद्दल लिहिलंय असं वाटेल, त्यांनी ते आपल्याबद्दलच आहे असं समजायला हरकत नाही.

गाडी एकाच तक्रारीसाठी दिली होती: एसी गार हवा देत नव्हता. कूलिंग कॉइल गळतेय, बदलावी लागेल, असं तुम्ही सांगितलंत. निदान बरोबर होतं आणि एसी आता गार होतो, हेही इथे नोंदवून ठेवतो. पण गाडी परत आली ती तीन नवी दुखणी घेऊन. मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा कायमचा पेटलेला. पुढच्या डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं. आणि खराब रस्त्यावर (तो पुण्यात शोधत जावं लागत नाही) डॅशबोर्डच्या पोटातून खडखड. यावर तुमच्या सर्व्हिस ॲडव्हायजरचं उत्तर असं: "सर, गाडी जुनी झालीय. योगायोग असेल."

योगायोग होतात. मागचा शॉकॲब्सॉर्बर गळायला लागला असता किंवा हेडलाइटचा बल्ब उडाला असता, तर मी तुमच्याकडे बोट दाखवलं नसतं. गॅरेजमधून आलेल्या गाडीचं प्रत्येक कुरकुरणं मेकॅनिकच्या माथी मारणारे ग्राहकही मी पाहिलेत, आणि त्यांची बाजू मी घेत नाही. पण कूलिंग कॉइल कुठे बसते ते बघा. ती डॅशबोर्डच्या मागे, ब्लोअरच्या पेटीत असते. तिथे पोचायला माझ्या गाडीत तुम्ही अख्खा डॅशबोर्ड उतरवलात, स्टिअरिंग कॉलम खाली घेतला, डावीकडच्या एअरबॅगची वायर सोडवली, आणि पेटी बाहेर काढायची म्हणून तिचा पाण्याचा ड्रेन पाइपही सुटा केलात. आता तक्रारींची यादी पुन्हा वाचा. एअरबॅग, ओलं कार्पेट, खडखडणारा डॅशबोर्ड. तिन्ही जागांना तुमचा हात लागलेला आहे. याला योगायोग म्हणायला फार मोठी छाती लागते.

ओल्या कार्पेटचं आधी सांगतो. कॉइलवर हवेतली वाफ थंड होऊन पाणी जमतं आणि ते ड्रेन पाइपातून गाडीखाली गळतं. पाइप नीट बसला नाही, की तेच पाणी आत उतरतं. पाणी बिनवासाचं असेल तर बहुधा हेच कारण. चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर मात्र हीटरच्या पाइपातून कूलंट गळतंय, आणि ते प्रकरण थेट इंजिन तापण्यापर्यंत जाऊ शकतं. माझ्या गाडीतलं पाणी बिनवासाचं आहे. म्हणजे तुमच्या माणसाला एक रबरी नळी जागेवर ढकलायची राहिली. त्या कार्पेटखालून वायरिंग जातं आणि खाली पत्रा असतो. एक पावसाळा तसाच काढला तर कनेक्टर गंजतील, आणि तेव्हा हाच ॲडव्हायजर पुन्हा सांगेल, गाडी जुनी झालीय.

खडखड ही त्या मानाने किरकोळ गोष्ट. क्लिपा तुटल्या असतील किंवा दोन-चार स्क्रू ट्रेमध्येच राहिले असतील. क्लिप तुटली तर नवी लावायची असते, हे शिकाऊ पोरालाही कळतं.

दिवा मात्र किरकोळ नाही. एअरबॅगचे कनेक्टर सहसा पिवळे असतात ते हौसेखातर नाही. या वायरला बेफिकीर हात लावू नये म्हणून. त्यांना हात लावण्याआधी बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबायचं असतं, आणि परत जोडताना लॉक पूर्ण दाबायचं असतं. स्टिअरिंग काढताना ते सरळ ठेवलं नाही, तर खालची क्लॉक स्प्रिंग तुटू शकते आणि हाच दिवा पेटतो. यातलं नेमकं काय झालं, ते शोधणं तुमचं काम. तुम्ही काय केलंत? स्कॅनर लावलात, कोड उडवलात आणि गाडी ताब्यात दिलीत. घरी पोचायच्या आत दिवा परत पेटला. तो पेटलेला असताना धडक बसली तर एअरबॅग उघडेल याची खात्री नसते. अनेक गाड्यांत दोष सापडला की ती यंत्रणा स्वतःला बंद करून घेते. चालकापुढची एअरबॅग सरकारने १ जुलै २०१९ पासून सक्तीची केली. तुम्ही मला ती बंद पडलेली परत दिलीत, आणि बिलाखाली 'फायनल इन्स्पेक्शन ओके' असा शिक्का मारलात.

आता तुमच्या आवडत्या धमकीकडे येऊ. "बाहेर दाखवलंत तर वॉरंटी जाईल." ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा गाडी-कंपन्यांना सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्याचा तो मामला. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिलं झाली, ते असो. पण त्याच आदेशात आयोगाने सांगितलं होतं, की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. मला हा न्याय पूर्ण मान्य आहे. बाहेरच्या मेकॅनिकच्या हातून बिघडलेलं त्याच्या माथी, तर तुमच्या हातून बिघडलेलं तुमच्या माथी. फक्त पाटी मोठी आणि लाउंजमध्ये कॉफी फुकट म्हणून माप बदलत नाही.

जॉब कार्डाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं 'नुकसानीस सेंटर जबाबदार राहणार नाही' हे वाक्यही दाखवू नका. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं १५१ वं कलम सांगतं, की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतलेल्याने तिची काळजी सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी घ्यावी. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात निष्काळजीपणाने ग्राहकाचं नुकसान करणं स्पष्ट लिहिलेलं आहे.

गाडीवाल्यांनाही याच पानावर सांगून ठेवतो. गाडी देताना इंजिन चालू करून मीटरचा फोटो काढा, म्हणजे कोणता दिवा आधीपासून पेटलेला होता यावर वाद उरत नाही. मोठं काम असेल तर आधीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्ट छापून मागा. घ्यायला गेल्यावर ॲडव्हायजरला शेजारी बसवून खड्ड्यांतून एक चक्कर मारा. काम अपुरं वाटलं तरी पैसे अडवून बसू नका. मेहनताना मिळेपर्यंत गाडी रोखून धरायचा हक्क वर्कशॉपला कायद्याने आहे, आणि तोवर पार्किंगचं भाडंही तुमच्या नावावर लिहिलं जाईल. पैसे भरा, पण बिलावर 'हरकत नोंदवून' असं हाताने लिहून सही करा. आणि कंपनीचा फोन येईल तेव्हा दहापैकी दहा द्या अशी गळ घालणाऱ्याला, आधी गाडी दहापैकी दहा दे म्हणावं.

तर वर्क्स मॅनेजर महोदय, हे छापून आल्यापासून पंधरा दिवस तुमचे. या मुदतीत तिन्ही दोष फुकट दुरुस्त झाले पाहिजेत. एअरबॅगचा कोड उडवून चालणार नाही. दोष कुठे होता आणि काय बदललं, हे सहीशिक्क्यानिशी लिहून हवं. कार्पेट बाहेर काढून सुकवा, दाबून बसवू नका. दुरुस्ती होईपर्यंत दुसरी गाडी द्या, कारण या गाडीत मी घरच्यांना बसवणार नाही.

नाही केलंत, तर सोळाव्या दिवशी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल होईल, तुमच्याविरुद्ध आणि तुमच्या पाटीवर जिचं नाव आहे त्या कंपनीविरुद्धही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असल्याने मला घाई नाही. तुम्हाला उत्तराला तीस दिवस मिळतील, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे वेळ वाढवून देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवून दिलंय. आयोगाचा आदेश पाळला नाही, तर ७२ व्या कलमाखाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा पंचवीस हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही. त्या तक्रारीत तुमचं नाव पूर्ण असेल.

गाडी कधी आणायची ते लेखी कळवा. फोनवर "सर, एकदा येऊन भेटा ना" असं कुणी म्हणालं, तर ते उत्तर धरलं जाणार नाही.