सकुटुंब, सपरिवार आणि दाराशी राहिलेला जीव

मार्गशीर्ष मासाला भगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूतींत स्थान दिले आहे. या मासाच्या शुद्ध षष्ठीस खंडोबाच्या नावाने भंडारा उधळला जातो आणि पौर्णिमेस प्रदोषकाळी दत्तजन्माचा पाळणा हलतो. या दोन्ही दैवतांच्या सान्निध्यात श्वान आहे. खंडोबाच्या घोड्याबरोबर तो धावतो. दत्तप्रभूंच्या चरणांशी चार श्वान उभे असतात आणि ते चार वेद होत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. देवघरातील ही तसबीर भाविकांनी एकदा निरखून पाहावी. ते श्वान स्वामींच्या पायांशी आहेत. कोणी त्यांना दूर खुंट्यास जखडून ठेवलेले नाही. आणि याच तसबिरीस हार घालून, नारळ वाढवून, दत्तजयंतीच्या यात्रेस निघालेल्या घराच्या दाराशी एक जीव मागे राहतो. त्याच्यासंबंधी चार शब्द लिहावेत, असे पुष्कळ दिवस मनात होते.

पूजेच्या वा यात्रेच्या आरंभी आपण संकल्प सोडतो. त्यात 'सकुटुंब' आणि 'सपरिवार' असे दोन शब्द येतात. पुष्कळांस ते एकाच अर्थाचे वाटतात. परंतु संस्कृत भाषा शब्द उधळीत नाही. कुटुंब म्हणजे घरची माणसे. 'परिवार' हा शब्द 'परि' उपसर्ग आणि 'वृ' धातू यांपासून झाला आहे. जो सभोवती असतो, वेढून राखतो, तो परिवार. म्हणूनच मुख्य देवतेभोवतीच्या देवतांस आपण परिवारदेवता म्हणतो. रात्रभर आपल्या घराभोवती फिरून जो घर राखतो, त्याला हा शब्द जितका अक्षरशः लागू पडतो तितका दुसऱ्या कोणास क्वचितच लागू पडेल. म्हणजे संकल्पाचे उदक सोडताना आपण त्याचेही क्षेम मागितलेले असते. देवापाशी ज्याचे क्षेम मागितले, त्याच्यापुढे सकाळी पाण्याचे भांडे ठेवण्यास विसरावे, यास काय म्हणावे?

हा प्रश्न आजच का उपस्थित झाला, हे सरावलीसारख्या गावाकडे पाहिले म्हणजे ध्यानी येते. बोईसरला लागून असलेले हे गाव तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे गजबजले. देशावरून, खानदेशातून, परप्रांतांतून माणसे पोटासाठी आली आणि चाळींतून, सदनिकांतून दोघा-चौघांची घरे झाली. पूर्वीच्या घरास कुलूप ठाऊक नव्हते. सारे यात्रेस गेले तरी ओटीवर आजी असे, गोठ्यात गडी असे, आणि कुत्र्याच्या वाट्याची भाकरी चुकत नसे. आज घर निघाले म्हणजे पुरे निघते. त्यात डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्या २०१३ पासून धावू लागल्या आणि 'सकाळी जाऊन संध्याकाळी परत' ही यात्रेची नवी रीत पडली. विरारची जीवदानी, केळव्याची शीतलादेवी, वज्रेश्वरी, विवळवेढ्याची महालक्ष्मी ही सारी दर्शने एका दिवसात होतात. एका दिवसाचाच प्रश्न, म्हणून कुत्र्याची व्यवस्था कोणी मनावर घेत नाही. परंतु दर्शनाची रांग लांबते, महामार्गावर वाहने तुंबतात, आणि संध्याकाळी परतणारे कुटुंब मध्यरात्री घरी पोहोचते. पहाटे ओतलेले पाणी तोवर केव्हाच सांडलेले असते.

शास्त्र याविषयी मूक नाही. महाभारतातील पौष्यपर्वाच्या आरंभीच जनमेजयाच्या सत्राची कथा आहे. यज्ञमंडपात आलेल्या सरमापुत्र सारमेयास जनमेजयाच्या भावांनी मारले. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते, चाटलेही नव्हते. त्याची माता देवशुनी सरमा मंडपात येऊन विचारती झाली, की माझ्या निरपराध लेकरास का मारले? तिला कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा तुझ्यावर अकल्पित भय येईल, असा शाप तिने दिला आणि एवढा सम्राट भयभीत होऊन शापनिवारणासाठी पुरोहित शोधीत फिरला. ही सरमा सामान्य नव्हे. पणींनी दडविलेल्या गाईंचा शोध घेण्यास इंद्राची दूती होऊन ती गेली, हे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आले आहे.

ग्रंथाच्या प्रारंभी ही कथा, तर शेवटाकडे महाप्रस्थानिकपर्वात धर्मराजाची. स्वर्गाचा रथ समोर उभा असता, मागे आलेल्या कुत्र्यास टाकून रथात चढावे, असे इंद्राने सांगितले. धर्मराजाने ते मानले नाही. तेव्हा इंद्राने मर्मावर बोट ठेवले: भाऊ टाकलेस, द्रौपदी टाकलीस, मग या कुत्र्याचा एवढा मोह का? धर्मराजाचे उत्तर प्रत्येक गृहस्थाने हृदयात कोरून ठेवण्यासारखे आहे. ती माणसे मृत झाली होती, त्यांना परत उठविणे माझ्या हाती नव्हते. जिवंत असता मी त्यांस टाकले नाही. हा मात्र जिवंत आहे आणि माझ्या आश्रयास आहे, असा त्याचा भाव. यात्रा सोडून घरी बसा, असे महाभारत म्हणत नाही. जो जिवंत आहे आणि आपल्यावर विसंबून आहे, त्याचा भार झटकून स्वर्गाचीही वाट धरू नये, एवढेच ते सांगते. आपस्तंब धर्मसूत्रानेही हाच विवेक घालून दिला आहे: प्रसंगी स्वतःस, स्त्रीस, पुत्रास कमी पडू द्यावे, पण आपल्यासाठी राबणाऱ्याचा वाटा तोडू नये. घर राखणारा मुका नोकर या नियमाबाहेर कसा राहील?

येथे काही आस्तिक मंडळी म्हणतील, की कुत्रा अस्पर्श, तो देवकार्यात कशास हवा? त्यांच्या शुचितेच्या भावनेचा आम्ही आदरच करतो. २०२२ च्या मे महिन्यात एका यात्रेकरूने आपला कुत्रा केदारनाथास मंदिराच्या दारापर्यंत नेला, तेव्हा मोठा वाद माजला आणि मंदिर समितीने कारवाईची मागणी केली. आमच्या मते कुत्र्यास गाभाऱ्याची ओढ नसते. त्याचे दैवत त्याच्या शेजारी चालत असते. तेव्हा मंदिराचा नियम अवश्य पाळावा. परंतु मंदिराने कुत्र्यास दार बंद केले म्हणून धन्याचे कर्तव्य संपत नाही, उलट वाढते. स्पर्शाचा विटाळ स्नानाने जातो. आश्रिताच्या तहानेचा दोष कोणत्याही कुंडातील स्नानाने जात नाही. ज्या परंपरेने शुचितेचे नियम केले, तिनेच भूतयज्ञात श्वानाचा वाटा ठेवला, आणि तो फेकू नये, हळुवारपणे भूमीवर ठेवावा, असे मनुस्मृतीने सांगितले. रामेश्वरी वाहण्यासाठी आणलेली काशीची कावड नाथमहाराजांनी तहानेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा आम्ही कीर्तनकार रंगवून सांगतो आणि श्रोते डोळे पुसतात. डोळे पुसणाऱ्या त्या श्रोत्यांच्या दाराशी पाणी आहे ना, एवढे विचारण्याचा अधिकार कीर्तनकारास असावा.

आता व्यवहाराचे बोलू. यात्रेच्या दिवशी पहाटे कुत्र्यास फिरवून आणावे व बेताचे अन्न द्यावे. दहा किलो वजनाच्या कुत्र्यास दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. ते एका हलक्या भांड्यात न ठेवता दोन जड, पसरट भांड्यांत दोन ठिकाणी ठेवावे, म्हणजे एक लवंडले तरी दुसरे राहते. सावली पाहताना सकाळची सावली पाहू नये, दुपारी दोन वाजता ऊन कोठे येते ते पाहावे. साखळी आखूड नसावी. जिना, कठडा वा भिंत यांजवळ बांधू नये, कारण उडी मारताच तीच साखळी फास होते. धडधाकट, मोठा कुत्रा सहा ते आठ तास एकटा राहू शकतो. पिल्लू, म्हातारा वा आजारी जीव इतका वेळ राहू शकत नाही. म्हणून शेजाऱ्यास किल्ली व आपला दूरध्वनी क्रमांक देऊन, दुपारी एकदा व दिवेलागणीस एकदा डोकावण्याची विनंती करावी. अंधार पडल्यावर परतणार असल्यास एक दिवा लावून ठेवावा. कुत्र्यास सशुल्क निवासात ठेवणे कामगाराच्या खिशास परवडणारे नाही, हे आम्ही जाणतो. परंतु 'यंदा तुमचा आम्ही पाहतो, पुढे आमचा तुम्ही पाहा' या शेजारधर्मास एक पैसा लागत नाही. ज्याच्यावर कुत्रा सोपवायचा, त्याच्या जिवासाठी रेबीजची लस वेळेवर टोचलेली असावी. हा रोग एकदा प्रकट झाला म्हणजे जवळजवळ कधीच बरा होत नाही. आणि परतल्यावर प्रसादाचा शिरा प्रेमाने त्याच्यापुढे ठेवू नये. त्यातील बेदाणे-मनुकांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. त्याचा प्रसाद म्हणजे साधी भाकरी-पोळी आणि मायेचा हात.

जे कुत्र्यास बरोबर नेतात, त्यांनी अधिक सावध असावे. केळवे, चिंचणी, डहाणू, बोर्डी या किनाऱ्यावर सुट्टीत मुंबईची कुटुंबे येतात, सुरूच्या सावलीत, तंबूंत मुक्काम करतात. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले, तेव्हापासून चाकांवरच्या घरांचाही बोलबाला आहे. मुक्कामाच्या जागी कुत्रा ठेवून मंडळी दिवसभर देवदर्शनास वा किल्ले पाहण्यास जातात आणि येथेच अनर्थ संभवतो. कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग निववितो आणि किनाऱ्याच्या दमट हवेत तो उपायही लंगडा पडतो. बाहेर अवघे २४ अंश तापमान असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत १० मिनिटांत सुमारे ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंशांपर्यंत उष्मा चढतो. काच दोन बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याच्या शरीराचे तापमान ४१ अंशांपलीकडे गेले, की प्राणावर बेतते. चाकांवरच्या घरात वातानुकूलन असले तरी ते विजेवर चालते. वीज गेली, की तेही बंद मोटारीसारखेच तापते, आणि धनी तेव्हा दहा कोस दूर रांगेत असतो. तंबू तर अनोळखी जागा. आपल्याला येथे टाकून गेले, अशा समजुतीने कुत्रा कापड फाडून पळतो. म्हणून दर्शन पाळीपाळीने घ्यावे. पादत्राणे सांभाळण्यास आपण एकाला बाहेर बसवितो. प्राण सांभाळण्यास बसविणे जड का जावे? गळ्यातील पट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा, हेही सांगून ठेवतो.

बेळगाव जिल्ह्यातील निपाणीजवळच्या यमगर्णी गावचा एक कुत्रा २०२४ मध्ये वारीबरोबर पंढरपुरास गेला आणि तेथील गर्दीत हरवला. धनी शोधून थकला व परतला. पुढे तो कुत्रा सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट तुडवून एकटा दाराशी येऊन उभा राहिला. गावाने त्यास हार घातले, मिरवणूक काढली, जेवणावळ घातली. विठ्ठलाचीच ही लीला, असे सर्वांनी म्हटले आणि आम्हांसही ते खरे वाटते. परंतु जे परत येतात त्यांच्याच मिरवणुका निघतात. क्षेत्राच्या गर्दीत जे हरवले, रस्त्यावर चिरडले, अनोळखी टोळीने फाडले, त्यांची गणना कोणी ठेवलेली नाही. लीलेच्या भरवशावर कर्तव्य सोडू नये.

राजसत्तेनेही हे जाणले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आखूड साखळीस अवाजवी काळ जखडणे, अन्नपाणी व निवारा न देणे आणि जनावर टाकून देणे, हे अपराध मानतो. जीवमात्राविषयी अनुकंपा हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. पण त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्याने कोणाचे वर्तन सुधारणार? जेथे दंडाचा धाक अपुरा, तेथे धर्माचा धाक हवा.

यासाठी दोन विनंत्या. यात्रेच्या गाड्या काढणाऱ्या मंडळांनी निघण्यापूर्वी 'नळ बंद केला का, गॅस बंद केला का' असे विचारताना 'मागे राहिलेल्या जनावराची सोय केली का' हेही विचारावे. देवस्थानांच्या विश्वस्तांनी वाहनतळाजवळ एखाद्या झाडाखाली छोटीशी सावलीची जागा आणि पाण्याचा एक हौद ठेवावा. तेथे पाळीने बसणाऱ्या भाविकासही टेकता येईल. चैत्री पौर्णिमेपासून महालक्ष्मीची यात्रा भरते तेव्हा ऊन मी म्हणत असते. तोवर चार महिने हाती आहेत.

दत्तमहाराज मध्यान्हकाळी भिक्षेस येतात आणि कोणत्या रूपाने येतील याचा नेम नाही, ही गाणगापूरची श्रद्धा आहे. आपण त्यांच्या दर्शनासाठी दूर रांगेत उभे असताना, त्याच मध्यान्ही आपल्या घराच्या दाराशी भरलेले भांडे असावे. सकुटुंब, सपरिवार केलेला संकल्प तेव्हाच सिद्धीस गेला म्हणावयाचा.